खांबाआडची गादी

मंडळी, एक विचारतो. देवळात यायचं, आणि नेमकी देव दिसणार नाही अशी जागा धरून बसायचं — ही काय भक्ती झाली? नाही म्हणताय? माना हलवताय! हलवा, हलवा. आता ऐका.

वेदगंगेच्या काठी एक जुना मठ. दगडी नगारखाना, आत फरसबंद चौक, चौकाला लागून सभामंडप आणि त्याच्या पोटात नृसिंहाचा गाभारा. आता स्वामींची गादी कुठे असावी? देवासमोर! पण नाही. ती एका जाडजूड खांबाआड. गादीवर बसलं की देव दिसायचा नाही. दिसायचं काय? चौकाचा पार टोकाचा, विहिरीकडचा कोपरा! आणि मठाची रीत अशी, की उत्सवात देवापुढे आरती आणि चौकात पंगत एकाच वेळी. पंगत उठेपर्यंत स्वामींनी गादी सोडायची नाही.

नवे स्वामी आले, चिद्घनस्वामी. तरुण. आईला रडत ठेवून आले होते ते त्या नृसिंहासाठी. आणि दागिन्यांनी सजलेला देव तिकडे, हे इकडे, मध्ये खांब! जीव तळमळायचा हो त्यांचा.

जुने कारभारी होते गुंडोपंत. स्वामींनी त्यांना विचारलं, "पंत, गादी इथंच का?"

"पूर्वीपासून आहे, महाराज."

"पण का?"

"पूर्वीपासून आहे म्हटल्यावर का कशाला विचारायचं?"

झालं! आचारी म्हणाला, स्वामींच्या तपाची देवाला दृष्ट लागू नये म्हणून. पुजारी म्हणाला, पाथरवटाचं माप चुकलं. हसताय? तुमच्या घरातल्या किती रीतींचं कारण तुम्हाला सांगता येईल?

कुतूहल काही फिटेना. शेवटी नृसिंहजयंतीला स्वामी म्हणाले, "पंत, गादी खांबापुढे घ्या." पंतांनी नाक मुरडलं, पण घेतली.

आणि दिसला हो देव! समयांचा उजेड, तो हार, ते डोळे! स्वामींच्या गालांवरून धारा लागल्या. पंगत कधी बसली, कधी उठली, पत्ता नाही.

मग चौकात आले. उष्टी काढणं चाललं होतं. विहिरीकडच्या कोपऱ्यात एक पान तसंच. पानावर काय? चिमूटभर मीठ — बस्स! मीठ वाढणारा येऊन गेला, आणि भाताचं पातेलं अलीकडूनच माघारी फिरलं.

"इथं कोण बसलं होतं?"

"तानुबाई कुंभारीण," पंत म्हणाले. "मठाला मडकी देते ती म्हातारी."

स्वामी तसेच अनवाणी निघाले. म्हातारी नदीच्या उतारावर बसली होती, ओंजळीनं पाणी पिऊन.

"आजी, उपाशी उठलीस? मला हाक का नाही मारलीस?"

ती म्हणाली, "येरवी तुमची नजर त्या कोपऱ्यावरच असती न्हवं. भात आला न्हाई की तुम्ही बोट करतासा, वाढपी पळत येतोय. आज तुम्ही देवाकडं बघत हुतासा. म्हटलं, देवाकडं बघणाऱ्याला कशाला हाक मारायची?"

स्वामींना काय वाटलं असेल, सांगा! आपण कंटाळून त्या कोपऱ्याकडे बघत बसायचो, रिकामं पान दिसलं की सहज बोट करून विसरून जायचो, आणि त्या बघण्यावर कुणाचं तरी पोट भरत होतं. त्यांनी तिला हात धरून मठात आणलं. आपल्या हातानं वाढलं, ती जेवून उठेपर्यंत समोर बसून राहिले. मग पंतांना म्हणाले, "गादी होती तिथं ठेवा. आणि कुणी कारण विचारलं, तर त्याला पंगतीच्या वेळी तिथं बसवा."

डोळे पुसलेत? बरं वाटलं? आता आरती घ्यायची. पण थांबा. मी इथं उभा, देव माझ्या मागे, म्हणून मला ते दार दिसतं. चपलांच्या ढिगापाशी एक माउली पोर कडेवर घेऊन आख्यान सुरू झाल्यापासून उभी आहे. तुम्हाला ती कशी दिसणार? तुम्ही सगळे देवाकडे तोंड करून बसलात ना! सरका जरा. ती बसली, की मग मी आरती म्हणतो.