खंड्याचे दहा दिवस

– नाही साहेब, कडी काढू नका एवढ्यात. तुम्हाला बघून खंड्या उड्या मारणार, नि पायाचं प्लास्टर अजून तीन आठवडे राहायचंय. बसा त्या बाकावर, त्याच्याकडे बघूसुद्धा नका. गप्प झाला की उघडायचं – भुंकताना उघडलं तर त्याला वाटतं, भुंकलो म्हणून सुटलो. घरी नेलात तरी हेच. पिंजऱ्यावर तिन्ही बाजूंनी गोणपाट टाका, आत तुमचा वापरलेला सदरा ठेवा, धुतलेला नको. नि जवळ बसायचं, आपलं काम करत. मी सुतळी वळत बसायचो. मला कोणी शिकवलं? कोणी नाही. सोळा वर्षं या गुरांच्या दवाखान्यात शिपाई आहे, पण कुत्रा ठेवून घ्यायची ही पहिलीच वेळ – तुमचे वडील आजारी, तुम्हाला मुंबई गाठायची, म्हणून डॉक्टर हो म्हणाले.

हं, निवला बघा. काढा आता कडी, हळू.

तार मिळाली ना तुम्हाला? दुसऱ्याच दिवशी चावला तो. माझ्या बायकोला, गोदाला. माझा डबा घेऊन आली होती, पिंजऱ्यात हात घातलान तिने – कागदावर तसंच आहे. मग सिव्हिलमध्ये रोज पोटात सुई. तिथले डॉक्टर म्हणाले, कुत्रा दहा दिवस धड राहिला तर पुढच्या सुया नकोत. नाही राहिला तर काय, ते बोलले नाहीत – पण आमच्या वाडीतला रघू पिसाळलेलं कुत्रं चावून गेला तेव्हा मी होतो तिथे. पाण्याचा तांब्या बघून किंचाळायचा तो. म्हणून दिवसभर मी इथून हललो नाही. रात्री घरी गेलो की गोदा विचारायची, "आज पाणी प्यायला?" मी म्हणायचो, "प्यायला गो." तेवढंच बोलणं आमचं.

पाठीवर? सूज आहे ती. उतरत आलीय.

काठीची.

मीच कडी काढली होती, साहेब. दोन दिवस त्याचं ओरडणं – डोकं उठलं माझं. दोन घातल्या. तिसरी घालणार तेवढ्यात गोदा मधे आली, "अहो, पाय मोडलाय त्याचा" – नि त्याने तिचा दंड धरला. डॉक्टर धावत आले. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "माझाच हात गेला आत." मी मान हलवली. नुसती मान. नि ती दहा दिवस सुया घेत होती.

आज सकाळी डॉक्टरांनी तपासला, ठणठणीत म्हणाले. घरी जाऊन सांगितलं तिला. भाकरी थापत होती. म्हणाली, "बरं झालं, सुटला बिचारा." माझ्याकडे बघितलं नाही तिने.

डॉक्टरांना सांगायचं तर सांगा. मी नाही म्हणणार नाही.

उचला त्याला, पण तुम्हीच. माझा हात पुढे आला की अजून कोपऱ्यात सरकतो तो. रिक्षा उभी आहे बाहेर. जा.