बिनलाईटचा झेला

(वरुड तालुक्यातली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. शनिवारची शाळा सुटली आहे. तालुक्याच्या प्रदर्शनाला जाणारा ऑटो फाटकाशी उभा आहे. मुख्याध्यापक देवीदास सर आणि चौथीच्या शालू मॅडम अजून वर्गातच आहेत.)

देवीदास सर : अन् याले तुमी तंत्रज्ञान म्हणता?

शालू मॅडम : हो, सर.

देवीदास सर : बांबू, फाटक्या साडीची बाहीवानी नळी, अन् भंगार सायकलची ब्रेकची वायर. आमच्या गोठ्यामागं हे पडून असते, मॅडम. आमी त्याले कचरा म्हणतो.

शालू मॅडम : वर कात्री आहे. ती सांगायची राहिली तुमची.

देवीदास सर : झेला हाय साधा, फळं तोडाची काठी. माझ्या आजोबापाशी आंब्याचा झेला होता. बिचाऱ्यानं कधी प्रदर्शनात नेला नाही.

शालू मॅडम : आंब्याच्या झेल्यानं संत्रं ओढलं की देठापाशी साल फाटते. माझ्या वर्गातल्या खुशीचा पहिला झेला तसाच होता. चाळीस संत्री तोडली तिनं, इथं खिडकीत ओळीनं मांडली, आणि रोज कोणतं सडलं ते वहीत लिहिलं.

देवीदास सर : अच्छा, थो वास तुमचा होता! मी तं शिपायाले उंदीर शोधाले लावला होता आठ दिवस.

शालू मॅडम : दुसऱ्या झेल्याला दात लावले, तर तो पानंच तोडायचा. मग तिसरा केला, कात्रीचा. खाली ब्रेक दाबला की वर देठ कापला जातो, आणि संत्रं साडीतून घसरत कमरेच्या थैलीत येतं. वायर तेवढी गोपाल सायकलवाल्यानं बसवून दिली. बाकी सगळं तिचं.

देवीदास सर : दोन बिघडवले हे परीक्षकाले सांगू नका बरं. पोरगी चुकून राहिली होती तवा मॅडम काय करत होत्या, असं विचारन थो.

शालू मॅडम : बघत होते.

देवीदास सर : बघत होत्या! शिक्षक शिकवते, मॅडम. बघते थो चौकीदार. अकोल्याच्या कॉलेजात हेच शिकवलं काय तुमाले?

शालू मॅडम : मुलांना मी सांगितलं होतं, घरी विचारून या, कोणतं काम जड जातं. तेवीसपैकी एकोणीस जणांनी एकच उत्तर आणलं. आई म्हणते, काहीच जड जात नाही. मग म्हटलं, विचारू नका, एक दिवस नुसतं बघा.

देवीदास सर : हो, माहीत हाय. तीन पालक भांडाले आले होते माझ्यापाशी. मॅडम पोराईले घरात चोरावानी नजर ठेवाले लावते म्हणे.

शालू मॅडम : खुशीनं बघितलं की आई वेणी घालताना भिंतीला कोपर टेकवते. मागच्या वर्षी शिडीवरून पडल्यापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. घरात कोणालाच माहीत नव्हतं. आई सांगत नव्हती, कारण हात जात नाही म्हटलं की संत्र्याच्या तोड्याला मजुरीवर बोलावत नाहीत.

देवीदास सर : थे दवाखान्याचं काम झालं. याच्यात विज्ञान कुठं हाय? लाईट कुठं पेटून राहिला? परीक्षक दोन मिनिटं थांबते एका टेबलापाशी. बटन दाबलं, लाईट लागला, पंखा फिरला, म्हणजे त्याले समजते की अथी काही तरी झालं. या काठीचं बटन कुठं हाय?

शालू मॅडम : म्हणून तुम्ही अमरावतीच्या दुकानातून ते थर्माकोलचं गाव आणलं.

देवीदास सर : ‘स्मार्ट ग्राम’ म्हणा. सोळा लाईट हायत त्याच्यात. शिवमकडून सगळं भाषण इंग्रजीत पाठ करून घेतलं मी.

शालू मॅडम : शिवम मला विचारत होता, मॅडम, आपल्या गावात नारळाची झाडं कुठं आहेत? काय सांगू?

देवीदास सर : झाड म्हणजे झाड. हिरवं दिसलं म्हणजे झालं.

शालू मॅडम : आजूबाजूला सगळा संत्र्याचा पट्टा, आणि आपल्या स्मार्ट ग्रामात बारा नारळ. बरं, ते जरा उचलून खाली बघितलं का तुम्ही?

देवीदास सर : खाली काय हाय?

शालू मॅडम : दुसऱ्या शाळेची चिठ्ठी. मागच्या वर्षीचं उत्तेजनार्थ बक्षीस.

देवीदास सर : खोडून टाका थे. खडू लावा वरून. अन् एका शाळेची एकच वस्तू नेता येते, आता वाद नको. माझ्या बगिच्यात उद्या तोडा हाय, मले लवकर मोकळं व्हायचं हाय. कोण हाय दारात?

शालू मॅडम : या ना, माणिकबाई. सर, या खुशीच्या आई.

देवीदास सर : बोलावूनच घेतली काय मॅडमनं! हे पाय बाई, तुझ्या पोरीची काठी प्रदर्शनात चालली नाही. अथी रडाचं काम नाही.

माणिकबाई : रडाले नाही आली, सर. न्याले आली.

देवीदास सर : काय न्याले?

माणिकबाई : आमची काठी. तुमीच तं म्हणाले पोरीले, कचऱ्यातून उचलून आणलं म्हणून. काल जेवली नाही थे. म्या म्हटलं, जाऊ दे, सरच्या कामाची नाही तं आपल्या कामाची हाय.

शालू मॅडम : दोन दिवस थांबता का, माणिकबाई? मी अजून बोलते सरांशी.

माणिकबाई : नाही व मॅडम. गोपाल सायकलवाला दुकानात वाट पाहून राहिला. पाच झाले त्याच्याजवळ, आणखी सहा कराचे हायत, अन् नमुना हाच हाय. उद्या तोड्याले बारा बाया हायत.

देवीदास सर : कोणाच्या तोड्याले?

माणिकबाई : तुमच्याच. तुमच्या बगिच्यातला माल घेतला ना प्रीतमशेठ व्यापाऱ्यानं? त्यानं शेंदूरजनाघाटच्या तोड्याले मह्या हातात पायलं हे. दहा संत्रे तोडाले लावले, देठ पायले एकेकाचे. म्हणे, साल फाटलेला माल मी घेत नाही, सगळ्या बायाईपाशी हेच पायजे. शिडी आणू नका म्हणे.

देवीदास सर : प्रीतमशेठ असं म्हणाला?

माणिकबाई : मले कावून खोटं बोला लागते?

देवीदास सर : नाही, तसं नाही. बसा ना, माणिकबाई. उभ्या काहून? मॅडम, खुर्ची द्या त्यायले. मी काय म्हणतो, मॅडम, ऑटोत जागा हाय ना? दोन्ही नेऊ.

शालू मॅडम : एका शाळेची एकच वस्तू, सर. आत्ताच सांगितलं तुम्ही.

देवीदास सर : मंग गाव राहू द्या! हे नेऊ. व्यापाऱ्यानं पसंत केलेलं हाय म्हणजे... आपल्या शाळेचं नाव होईन. बाई, पोरीले बोलवा, नवीन ड्रेस घालून पाठवा. कशी हुशार हाय पोरगी! मी म्हणतच होतो.

माणिकबाई : लाईट नाही लागत त्याच्यात.

देवीदास सर : चालते हो.

माणिकबाई : परवा नव्हतं चालत. परवा साऱ्या वर्गासमोर विचारलं तुमी तिले, बटन कुठं हाय म्हणून. पोट्टे हासले. थे घरी येऊन मले विचारे, आई, बटन लावू का एखादं, खोटं?

शालू मॅडम : मला नाही सांगितलं तिनं.

माणिकबाई : सांगत नाही थे. मह्यावर गेली. म्या तिले म्हटलं, खोटं काही लावू नको, माय. द्या, मॅडम, इकडं. असा आडवा नका धरू, कात्री लागन.

देवीदास सर : बाई, ऐका तं खरं. प्रदर्शन दोनच दिवसांचं हाय. तोडा दोन दिवस पुढं ढकलू ना! बगिचा माझा हाय, मी बोलतो शेठशी.

माणिकबाई : माल शेठचा हाय आता. अन् बाया सकाळी सातले येतीन. कसं धराचं, ब्रेक कवा दाबाचा, हे खुशीच शिकवणार हाय सगळ्याईले. उद्या इतवार हाय, सुट्टीच हाय तिले.

देवीदास सर : माझ्या बगिच्यात?

माणिकबाई : हो. तुमी बी येजा, सर. मांगं नका उभे राहू, समोर बसजा. अन् थे गाव नका आणजा बाप्पा, बगिच्यात वारा राह्यते.