कोबीवरचं अस्वल

यानिना : हात लावू नकोस, लावोन! कालच मीठ लावून कोबी आंबवायला पिंपात भरलाय, वर वजनाला दगड ठेवलाय. आत्ता तो उचललास तर कोबी पाण्याच्या वर येऊन सडेल.

लावोन : दगड? मावशी, टाउन हॉलच्या दारावरचं अस्वल आहे हे, गावाचं चिन्ह! हा कान बघा. हे नाक.

यानिना : सत्तर वर्षं बघतेय. तुला आज दिसलं? आणि म्हणे म्युझियम सांभाळतो!

लावोन : थट्टा पुरे. शनिवारी जिल्ह्याहून माणसं येताहेत. गावातली एकही जुनी वस्तू दिसली नाही, तर म्युझियमला कुलूप.

यानिना : तोफगोळा आहे की तुझ्याकडे.

लावोन : तो बाजारातून आणलेला. हवा तर ठेवा कोबीवर.

यानिना : लोखंड? कोबी काळाठिक्कर पडेल! एवढा इतिहास शिकलास, पण स्वयंपाकघरात कधी डोकावला नाहीस.

लावोन : मग नदीतला धोंडा आणतो. उकळून देतो.

यानिना : ते बघू. नुसतं डोकं नेऊन काय करणार? धड कुठाय?

लावोन : हरवलं. माहितीपुस्तिकेत तसंच छापलंय मी.

यानिना : हरवलं म्हणे! सरकारनं गावाची जुनी चिन्हं पुसायला हॉल पाडला तेव्हा मी सात वर्षांची होते. माझी आई आणि तुझी आजी, दोघींनी ढिगाऱ्यातून हा दगड काढला, बाबागाडीत घातला, वर बटाटे पसरले. पुलावर चाक निखळलं, दगडाचे दोन तुकडे झाले. मी भोकाड पसरलं. आई मात्र हसली. म्हणाली, "बरं झालं. आता अस्वल पकडायला दोन घरांत शिरावं लागेल." बोल आता, तुझ्या घरी कोबीवर काय असतं?

लावोन : (मान खाली घालून) धड. पण रेजिना हात लावू देत नाही. म्हणते, आधी मावशींकडून डोकं आण.

यानिना : म्हणजे बायकोला घाबरून म्हातारीवर डल्ला!

लावोन : मावशी, म्युझियम गेलं तर आपलं गाव कधी काय होतं, हे सांगायला कुणी उरणार नाही. मला खरंच भीती वाटते.

यानिना : बरं, रडू नकोस. धोंडे दोन आण, सपाट बघून. एक मला, एक रेजिनाला.

लावोन : आणि हे एवढं ओझं नेऊ कसं?

यानिना : ती बघ, कोपऱ्यात बाबागाडी आहे. चाक आईनं दुसऱ्याच दिवशी बसवून घेतलं होतं.