धुक्यात गाडी उतरवली कुणी?

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन मैत्रिणी नंबराची वाट बघत बसल्या होत्या.

“कशी झाली गं तुमची सहल?”

“जाताना छान झाली. धबधबा पाहिला, डोंगरावरच्या गावात जेवलो. उतरताना मात्र असं धुकं आलं, की ह्यांना गाडी पुढे नेववेना.”

“अगं बाई! मग?”

“मागून सासूबाई म्हणाल्या, ‘गाडी कडेला घे आणि तू मागे पोरांपाशी बस.’”

“त्यांना गाडी येते?”

“लग्नाआधी चार वर्षं दुधाची गाडी चालवायच्या, असल्याच रस्त्यावर! ह्यांनासुद्धा पत्ता नव्हता. लायसन्स मात्र न चुकता नवं करून घेतलेलं.”

“आणि त्यांनी आणली खाली?”

“दुसऱ्या गिअरमध्ये, वळणावळणाला हॉर्न देत. पोरं तर झोपून गेली.”

“इतकी वर्षं बोलल्या कशा नाहीत?”

“मीही तेच विचारलं. म्हणाल्या, ‘घरात किल्ली कुणी दिलीच नाही कधी.’”

“आणि आता?”

“ह्यांनी किल्ली परत मागितलीच नाही. आज मला इथे त्यांनीच आणलंय. खाली गाडी लावताहेत.”