घरचा सर्व्हर, भाड्याचं क्लाउड आणि सुजाताताई

जमलेल्या मंडळींनो, आणि सुजाताताईंच्या आई,

मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची मला सवय. आज हॉल इतका शांत हाय, की शब्द सापडंना. तरी बोलतो. गप्प बसलो तर ताईच म्हणतील, "शेठ, मीटिंगमध्ये तर लई बोलता!"

आपल्या भोसरीच्या कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग ताईंनी उभा केला. मागच्या आठवड्यात त्या हार्ट अटॅकनं गेल्या. अजून पटत न्हाई.

तो गुरुवार आठवतो का? तेव्हा सगळा कारभार आपल्याच सर्व्हरवर. भोसरीला गुरुवारी सुट्टी, लाइट बंद, म्हणून सर्व्हरबी बंद, आपण घरी. अन् चाकणच्या गिऱ्हाइकाची सुट्टी रविवारी! त्यांच्या ऑर्डरी आपल्याला मिळाल्याच न्हाईत. माल गेला न्हाई, अन् शुक्रवारी त्यांची लाइन थांबली.

मग सल्लागार आले. म्हणाले, सगळंच मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे नेटवरून वापरायच्या त्यांच्या सर्व्हरवर, भाड्यानं टाका. लागेल तेवढी जागा घ्या, नको तेव्हा सोडा, देखभाल त्यांची. मी तयार. ताई तयार न्हाईत.

"शेठ, नेट गेलं तर मशीन बसून राहणार का? अन् गिऱ्हाइकाची ड्रॉइंग बाहेर जाणार न्हाईत, असा शब्द दिलाय आपण."

"मग पुन्हा घरचंच?"

"दोन्ही! लग्नाला मांडव भाड्यानं आणतो, म्हणून घरची चूल मोडतो का?"

ऑर्डरी भाड्याच्या क्लाउडवर, म्हणजे गुरुवारीबी घरबसल्या दिसणार. ड्रॉइंग अन् मशीनचं काम कारखान्यातल्या सर्व्हरवर, आपल्या स्वतःच्या क्लाउडवर. दोन्ही एकमेकांना जोडलेलं. लोक त्याला हायब्रिड म्हणतात. आपण म्हणतो, ताईंची व्यवस्था. तेव्हापासून गुरुवारची ऑर्डर चुकली? न्हाई. एकदाबी न्हाई.

परवा तेच सल्लागार पुन्हा आले. ताई गेल्या, आता सांभाळणार कोण? सगळं भाड्याच्या क्लाउडवर टाका, विभाग बंद करा, म्हणाले. ताईंनी तयार केलेले रोहिणी अन् इम्रान इथंच बसलेत.  त्यांच्या घरी काय बोलणं चाललं असंल, ते मला कळतं.

ऐका. विभाग बंद होणार न्हाई. व्यवस्था हलणार न्हाई. रोहिणी, उद्यापासून ताईंची खुर्ची तुझी. चुकलीस तर? चुकू दे. ताईबी चुकायच्या, अन् मलाच दोन शब्द सुनावून दुरुस्त करायच्या.

आई, तुमची लेक माझ्याशी भांडायची, म्हणून कारखाना नीट चालला. लई आठवण येते हो. तिनं उभं केलेलं मी मोडू देणार न्हाई.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं शांत.

ताई, रोज सकाळी तुम्ही म्हणायचा तसं, जय भीम.