सदर पत्त्यावर राहत नाही

नाही, आधी बसा. उभ्या उभ्या सही घ्यायची तुमच्या खात्याची पद्धत असेल, माझी नाही — एकतीस वर्षं टपाल खात्याच्या खिडकीमागे काढलीत मी, आणि न वाचता सही करणाऱ्या माणसाला कधी पेन दिलेलं नाही. टोपी ठेवा तिथे, टीपॉयवर. पाणी हवं असेल तर माठातलं मिळेल. दार राहू द्या उघडं, वारा येतो. तर काय म्हणतो हा तुमचा कागद — 'मी, श्रीमती मुक्ता ओव्हाळ, वय एकसष्ट, जबाब देते की मॉरिशस देशाची नागरिक कुमारी दीपाली सीताराम ही माझ्या सदनिकेत राहत नाही व यापूर्वीही कधी राहत नव्हती.' वा. मी तोंड उघडायच्या आधीच माझा जबाब टाइप करून आणलात. ही सोय आमच्या टपाल खात्यात नव्हती. आणि माझी सही झाली की फाइल बंद, असंच ना? बंद म्हणजे काय ते तरी बोला की स्पष्ट. म्हणजे मुक्काम वाढवून मिळायचा तिचा अर्ज फेटाळलेला कायम, सात दिवसांत तिनं देश सोडायचा, आणि तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे अठराव्या दिवशी. नुसती मान हलवू नका. छातीवरची पाटी वाचली मी — चेतन. चेतनराव, सात आणि अठरा यांतला फरक तुमच्या साहेबांना कळतो का? कळत असेल म्हणा. नियमात बसत नसेल.

नियम मला सांगू नका, मला पाठ आहेत. परदेशी विद्यार्थ्याने आल्यावर चौदा दिवसांत नोंदणी करायची. मुदत संपायच्या आत मुक्काम वाढवून घ्यायचा — कॉलेजचा दाखला, चार फोटो, पासपोर्टची झेरॉक्स, भाडेकरार, घरमालकाचं वीजबिल. करार करायला गेलं की वकील म्हणतो आधी पोलिसांकडची नोंद दाखवा, आणि नोंद करायला गेलं की तुम्ही म्हणता आधी करार दाखवा. फोटोत कान दिसले पाहिजेत म्हणून परत पाठवलं तिला एकदा. कान. त्या पोरीच्या पणजोबांच्या वडिलांना रत्नागिरीकडून बोटीत घालून नेलं मॉरिशसला, ऊस तोडायला — तेव्हा कोणी त्यांचे कान तपासले नाहीत. आता त्यांची पोर शिकायला परत आली तर ती परदेशी. असू दे, नियमाने परदेशीच आहे, मी कुठे नाही म्हणते.

माझ्याकडे कशी आली म्हणजे? आता तुमच्या कागदाप्रमाणे ती आलीच नाही कधी — पण विचारताय तर सांगते. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष. खिडकीशी आली, आईला पार्सल पाठवायला, तेही चुकीच्या रांगेत तासभर उभी राहून. मी म्हटलं, पलीकडे जा. तर म्हणाली, 'जाते, पण आपण सांगू शकाल का, खोली कुठे गावेल?' गावेल. आजीची आजी बोलत असेल तसं मराठी, आणि मधे मधे र असा घशातून, फ्रेंचांसारखा. कात्रजपासून धनकवडीपर्यंत चार सोसायट्या पालथ्या घातल्या होत्या तिने. प्रत्येक ठिकाणी एकच — फॉरेनर नको. मला हसू आलं. मी नोकरीला लागले तेव्हा पेठेत खोली बघायला गेले होते. मालकीणबाईंनी सगळं दाखवलं, मोरी, खुंटी, खिडकी, आणि मग आडनाव विचारलं. मी ओव्हाळ म्हटलं आणि तेवढ्यात खोली गेली. एक मिनिट आधी रिकामी होती. कोणी येऊन घेतली ते मला दिसलं नाही एवढंच. तर मी त्या पोरीला म्हटलं, ये संध्याकाळी, पण फार बडबडायचं नाही.

आणि आमच्या सोसायटीचा ठराव आहे बरं का. खाली काचेच्या पेटीत लावलाय — परदेशी विद्यार्थ्यांना जागा देऊ नये. का, तर पूर्वी कोणी दोन मुलांनी गच्चीवर मासे तळले होते. ठराव कोणी मांडला? आमचे सेक्रेटरी, बद्रीनाथराव. त्यांचा ऋषी हिंजवडीच्या कंपनीतून अमेरिकेला गेला, त्याचा व्हिसा कुठल्या टप्प्यावर आहे हे या इमारतीतल्या मांजरालासुद्धा माहीत असतं. मुंबईला मुलाखत झाली — पेढे. शिक्का मिळाला — पेढे. तिकडे एका म्हातारीनं त्याला वरच्या मजल्यावरची खोली दिली, तेव्हा बद्रीनाथराव जिन्यात डोळे पुसत म्हणाले, 'परक्या देशात माणुसकी आहे हो.' मी म्हटलं, हो, इकडे ठराव आहे. कळलं नाही त्यांना.

म्हणून मी सांगितलं, भाची आहे. सोपं होतं. मॉरिशसला म्हणे वाडवडिलांची नावंच आडनावं होऊन बसली, तशी ही सीताराम. लोकांना वाटलं, सीताराम म्हणजे वडील. मी म्हटलं, हो, माझा भाऊ, यवतमाळला असतो. पुढे त्याला मधुमेह झाला तेही सांगितलं — विचारतात ना लोक, कसे आहेत सीतारामराव. ती मला आत्या म्हणायची, सगळ्यांसमोर म्हणायची म्हणून मग घरातही. मला भाऊ नाही, चेतनराव. कोणीच नाही, पण तो आज विषय नाही.

घरमालकाने चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं असतं हे मला माहीत होतं, डोळे वटारू नका. फॉर्म आणलेला आहे, भरलेला आहे, त्या कपाटात आहे. नुसता दिला नाही. दिला असता तर तुमच्यापैकी कोणीतरी चौकशीला येणार, येऊन जिन्यात उभं राहून ठणाणा करणार — आणि झालं तेच. पहिल्या वर्षी कॉलेजच्या पत्त्यावर भागलं. यंदा कोणी नवे साहेब आले, म्हणाले, राहता तोच पत्ता लिहा. आणि हिने लिहिला. खरा. मला न विचारता. एवढी शिकलेली मुलगी.

महिन्यापूर्वी तुमचे ते हवालदार आले, पोट सुटलेले. पुढे ते, मागे जिन्यात बद्रीनाथराव, हातात पेपर, वाचत नव्हते. हवालदारांनी कागद उघडून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं विचारलं — 'परदेशी नागरिक दीपाली सीताराम इथेच राहते का?' काय सांगणार होते मी? म्हटलं, परदेशी वगैरे कोणी राहत नाही इथे, पत्ता चुकला तुमचा. वाटलं, आत्ता यांना कटवावं, उद्या चौकीवर जाऊन नीट सांगता येईल. त्यांनी तिथेच गुडघ्यावर कागद धरून शेरा लिहिला. मी बघत होते. शेरा काय करतो ते मला कोणी शिकवायला नको — 'पत्त्यावर राहत नाही' हा शेरा मी हजारो पाकिटांवर लिहिलाय. एकदा लिहिला की पाकीट जिकडून आलं तिकडे परत. आत काय आहे ते कोणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं कधी.

दुसऱ्या दिवशी गेले नाही. गुडघा दुखत होता. — हो, तिसऱ्या दिवशी दुखत नव्हता. बाजारात गेले होते, चौकीवरूनच गेले. बरं, विचारताय तर ऐका, आणि हे लिहू नका. बारा वर्षं झाली मला या सोसायटीत. दिवाळीचं ताट समोरच्या दारातून वर जायचं, खाली जायचं, माझ्या दाराशी वळण घ्यायचं. मला त्याचं काही नाही, चकल्या मलाही येतात. पण ही पोर आली, बद्रीनाथरावांच्या नातीला फ्रेंच शिकवायला लागली, मग पलीकडच्या यमुनाबाई विरजण मागायला यायला लागल्या, बसायला लागल्या, आणि गेल्या दिवाळीत तीन ताटं आली. तीन. भाची नाही, भाडेकरू आहे, त्यातून परदेशी, आणि मी पावणेदोन वर्षं तोंडावर खोटं बोलतेय — हे कळलं की संपलं. तेवढ्यासाठी गेले नाही. तीन ताटांसाठी. आता कळलं ना, प्या पाणी.

अर्ज फेटाळल्याचा कागद आला, तिने वाचला, घडी घालून ठेवला. मला एकदा विचारलंसुद्धा नाही, आत्या, तू असं का सांगितलंस. चार दिवसांपूर्वी म्हणाली, अभ्यासाला मैत्रिणीकडे जाते, धायरीला, राजनंदिनी म्हणून आहे. मी म्हटलं, जा. वर म्हटलं, बादली घेऊन जा, तुझी आहे. घेऊन गेली.

काय? मी सही केली तर माझ्यावर काही येत नाही, उलट सुटेन — कशी सुटेन? तिनेच लिहून दिलंय? कुठे? हा खालचा कागद? हा आधी का नाही दाखवलात? द्या इकडे.

अक्षर तिचंच आहे. 'मी दीपाली सीताराम लिहून देते की अर्जात पत्ता माझ्याकडून चुकून लिहिला गेला. मी तेथे राहत नव्हते. तेथील आत्या मला ओळखत नाहीत. त्यांचा यात दोष नाही. त्यांचा उजवा गुडघा दुखतो, तरी त्यांना कार्यालयात बोलावू नये.'

…

ओळखत नाहीत म्हणे. आणि गुडघा उजवा. खोटं बोलायचीसुद्धा अक्कल नाही कार्टीला, पावणेदोन वर्षं माझ्याकडे राहून. आणि तुमच्या साहेबांनी हे वाचलं? वाचून वर शिक्का मारला? आत्या म्हणते, दुखरा पाय सांगते, आणि एकालाही वाटलं नाही की विचारावं. बरं, ती आता कुठे आहे ते यात लिहिलंय का? नाही. चार दिवस एक परदेशी मुलगी कुठल्या पत्त्यावर आहे हे तुमच्या खात्याला ठाऊक नाही, आणि मला नियम ऐकवता. धायरीला आहे. लिहून घ्या.

तो जबाब न्या परत, मी सही करणार नाही. कोरा कागद आहे? राहू द्या, माझा आहे. माझा जबाब मी लिहिते — गुन्हा दाखल होईल, माहीत आहे, दंड होईल तेही माहीत आहे, तुम्ही घाबरू नका, तुम्हाला नाही होत. 'मी मुक्ता ओव्हाळ लिहून देते की दीपाली सीताराम ही मॉरिशसची नागरिक जून दोन हजार सहापासून माझ्या घरी राहते. मी पोलिसांना मुदतीत कळवलं नाही. चौकशीस आलेल्या हवालदारांना मी खोटं सांगितलं. तिने पत्ता बरोबर लिहिला होता.' — काय म्हणालात? 'नजरचुकीने' घालू? नको. एकतीस वर्षं शेरे लिहिलेत, नजरचूक कशी असते ते मला माहीत आहे. ही ती नव्हती. सोबत कपाटातला तो फॉर्म जोडते. आणि वीजबिल. कॉलेजचा दाखला तिच्याकडे असेल, तो मी घेऊन येते, उद्या साडेदहाला, तुमच्या साहेबांच्या टेबलाशी. परीक्षेपर्यंत मुक्काम द्यायचा की नाही ते त्यांनी माझ्या तोंडावर सांगावं. गुडघ्याचं मी बघेन.

एकदा वाचून दाखवते, चूक नको राहायला. मोठ्यानेच वाचणार, बाहेर ऐकू जाऊ दे. बद्रीनाथराव, जिन्यात अंधार आहे, या ना वर. पोलीस माझ्याकडेच आलेत. यवतमाळला माझा कोणी नाही, सीतारामला मधुमेहही नाही. बाकीचं वाचतेच आहे, ऐका.

घ्या, झाली सही. दुसऱ्या प्रतीवर पोच द्या मला, तारीख घालून. तारीख. हां. टोपी राहिली तुमची. उतरा आता.