बाजेवरचं पीप

...आणि मी म्हणते, कान लावायचा तरी किती? सकाळी उठलं की देवाला नमस्कार नंतर, आधी पिपाला कान! मामंजी अंगणातूनच ओरडणार, 'सूनबाई, बोलतंय का गं?' आणि मी थंडीत गार लाकडाला गाल चिकटवून उभी... नाही हो मामंजी! पीप गप्प ते गप्पच!

अहो, बी.ए.ला मी तर्कशास्त्र घेतलं होतं, त्यात पिपावर धडा नव्हता! त्यात मी अशी भित्री, की पाल चुकचुकली तरी हातातली वाटी खाली. आणि माझ्या राखणीला दिलं काय, तर घरात चोरून केलेली बियर! तीही राहात्यासारख्या गावात! दाराची कडी वाजली की मला वाटे, आले पोलीस... उघडून बघावं तर शेळी अंग घासतेय.

तुम्हाला सांगते, हे सगळं ह्यांच्यापायी. हे म्हणजे आमचे हे. फौजेत. लढाई संपली होती, पण ह्यांची पलटण सीमेवर सुरुंग काढत बसलेली. मामंजी स्वतः जुने फौजी, साहेबांच्या मेसमध्ये बियर करायला शिकलेले. लढाई पेटली त्याच दिवशी बोलून बसले, 'माझा गोरक्ष धड घरी आला, की माझ्या हातची बियर बापलेक समोरासमोर बसून पिणार!' लोक देवाला नारळ बोलतात, ह्यांनी पीप बोललं! आता तुम्हीच सांगा, नवसाचं पीपच बिघडलं, तर तिकडे सुरुंगात हात घातलेल्या माणसाच्या बायकोच्या मनात काय काय येईल? तर्कशास्त्र गेलं चुलीत!

सुरुवात झकास झाली होती हो. सातूला मोड आणले, वाळवले, भरडले, उकळून गाळले, कडूपणाला काडेचिराईत, वर नगरच्या पाववाल्याकडचं खमीर. पीप असं खदखदायला लागलं, की मी दचकून पायरीवर बसले! मग मामंजींच्या डोक्यात आलं, ही कमजोर होणार. 'रनातनं येतंय पोरगं, त्याला काय पानी पाजू व्हय?' असं म्हणून गुळाची अख्खी ढेप फोडून एकदम आत! वर पौषातली थंडी! संपलं. खमीर बसलं. पीप गप्प ते गप्पच!

मी आपली पिपाला मिठी मारून रडतेय, आणि मागे कोण? आत्याबाई! माझ्या सासूबाई. दारूचं नाव निघालं तरी चूळ भरणाऱ्या, गल्लीतल्या भजनाच्या म्होरक्या. मी पदरानं पीप झाकू बघतेय... आणि त्या म्हणतात कशा, 'रडतीस कशापायी? मेलं न्हाई ते, गारठलंय. लेकराच्या तोंडात एका घासाला अख्खी पुरनपोळी कोंबली तुझ्या मामंजीनं! उचल तिकडनं.'

उचललं! कुठे ठेवलं? बाळंतिणीच्या खोलीत, बाजेवर! वर दोन गोधड्या, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. मामंजी नगरहून ताजं खमीर घेऊन आले, ते तपेलीत घालून पिपातली बियर त्याला पळीपळीनं पाजत बसले. सवय होऊन फेस आला, की मग ओतायचं पिपात. आणि वास गल्लीत जाऊ नये, म्हणून आत्याबाईंनी शेगडीत टाकला ओवा आणि बाळंतशेपा.

आता जरा विचार करा! बंद खोली, बाज, शेगडी, शेपेची धुरी... आणि सून अशी, जिचा नवरा वर्षभर रजेवर आलेला नाही!

शेजारच्या रंगुबाई डिंकाचे लाडू घेऊन हजर. आत्याबाईंना विचारतात, 'काय झालं वं आक्काबाई, मुलगा का मुलगी?' मग माझ्याकडे बघितलं. मग बोटं मोजायला लागल्या. 'पर... गोरक्ष तर औंदा आलाच न्हाई...'

देवा! पिपासारखीच मी गप्प!

आत्याबाईंना थाप मारता आली नसती का? पाव्हणी हाय, मावशीची लेक हाय, काहीही! नाही. त्यांनी गोधडी ओढली आणि फेकली. 'हे बघ! बियर हाय. माज्या घरात, मीच शेकलेली. जा, गावभर सांग, भजनात बसू देऊ नगा मला. पर माज्या सुनंकडं बोटं मोजून बघायचं न्हाई!'

आणि तेवढ्यात... बुडुक! पीप बोललं! रंगुबाई किंचाळल्या, मी त्यांच्याहून मोठ्यानं!

मी आत्याबाईंचे पाय धरले. म्हणाल्या, 'पाया काय पडतीस, कोळसा घाल.' माझ्या नावासाठी एवढ्या वर्षांचं आपलं नाव त्यांनी गोधडीसारखं भिरकावलं हो!

हे आले. हातपाय, बोटं, सगळं जागच्या जागी! बापलेक समोरासमोर बसले. ह्यांनी घोट घेतला, म्हणाले, 'आबा, लई भारी.' मामंजींनी फेटा डोळ्यांना लावला. मी दाराआड उभी राहून सगळ्या देवांचे आभार मानले, आणि शेवटचा नमस्कार शेगडीला!

रंगुबाईंनी गावभर सांगितलंच. भजन सुटलं का? छे! उलट भजनातल्या एकेक बाया पदराआड बाटली घेऊन यायला लागल्या, 'आक्काबाई, जरा गुडघ्याला चोळायला...' पीप रिकामं! दुसरं लावलं. मग तिसरं.

आता मला खरंच दिवस गेलेत. परवा लाजत लाजत आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी माझी दृष्ट काढली, हातावर साखर ठेवली, आणि म्हणाल्या,

'पहिलं बाळंतपन म्हायेरीच कर गं बाई. हितं बाज कुठं रिकामी हाय?'